उभा गरुड

१

शुक्रवारी सकाळी ताल्काच्या बंदूक-कारखान्याच्या चांदमारीवर एक नवीकोरी बंदूक फुटली आणि येरोफेय नेमबाज जागच्या जागी गेला.

बंदूक मंचुरियाला जाणार होती. तिकडे जपान्यांशी लढाई पेटलेली, त्यामुळे कारखाना दिवसरात्र धडधडत होता. पेटीत भरण्याआधी प्रत्येक बंदुकीतून थोड्या गोळ्या झाडून बघायच्या, एवढंच येरोफेयचं काम. त्यात कोणी मरत नसे. चुकीची नळी तिथवर पोचतच नसे.

कारखान्याचा फौजदार गोर्देय पेत्रोविच पोचला तेव्हा येरोफेयवर कोणीतरी घोंगडं टाकलं होतं. बाजूला कप्तान गेल्मर फुटलेली नळी घेऊन उभा होता. सरकारच्या वतीनं बंदुका तपासून घेणारा हा लष्करी अधिकारी उन्हाळ्यातच आलेला. उंच, गोरा, कोणाशी दोन शब्द जास्त न बोलणारा.

"हे बघा." कप्ताननं नळीचा बुंधा पुढे केला. काडतूस बसतं तिथे पोलाद उभं फाटलं होतं. फाटलेल्या जागेच्या शेजारी दुतोंडी गरुडाचा ठसा होता. हा ठसा म्हणजे नळी पास.

"मग पास झालेली नळी फुटली कशी?" गोर्देयनं विचारलं.

"पास झालेली नाही. खाली पोलादाच्या घाण्याचा, एका वेळी ओतलेल्या रसाचा, आकडा आहे तो बघा. हा अख्खा घाणा मी माझ्या हातानं नापास केला होता. संत मिखाईलच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी." कप्तानचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मी पेट्या उघडायला लावल्या. त्याच घाण्याच्या आणखी बंदुका निघाल्या. सगळ्यांवर गरुड. ठसा कुलपात असतो आणि त्या कुलपाची किल्ली एकाच माणसाकडे असते."

"तिमोन झिकोव."

"त्याला मी आत टाकलंय. सोमवारी सकाळी बर्फावरच्या घसरगाडीनं सारापूलच्या तुरुंगात, तिथून लष्करी कोर्टात. लढाईच्या दिवसांत या गुन्ह्याला काय शिक्षा होते ते तुम्हाला मी सांगायला नको."

गोर्देयला सांगायला नकोच होतं. त्यानं घोंगड्याकडे पाहिलं, मग नळीकडे.

"सोमवारपर्यंत नळ्या माझ्या ताब्यात द्या," तो म्हणाला.

२

तिमोन ठसेवाला चौकीच्या कोठडीत गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. त्याची बायको ग्लाफिरा गजांबाहेर, हातात बटाटा लावून भाजलेल्या शांग्यांचं पुडकं.

"खात नाही हो हा," ती म्हणाली. "सांगा ना याला, उपाशी राहिलास तर सैबेरियात चालत कसा जाशील?"

"ग्लाफिरा!" तिमोन कळवळला.

"काय ग्लाफिरा? खरं तेच सांगते."

गोर्देयनं स्टूल ओढलं. "तिमोन, ठशाची किल्ली कुठे असते?"

"गळ्यात. क्रूसाच्या दोरीला. झोपतानासुद्धा काढत नाही, पेत्रोविच, देवाशप्पथ."

"कधीच नाही?"

"कधीच नाही!"

"सणाच्या दिवशी सकाळी गावातल्या सगळ्यांसारखा तूही बान्यात गेलास, वाफेनं अंग शेकायला. मी तुझ्या वरच्याच फळीवर बसलो होतो. वाफ अशी की फोका पहारेकरी ओरडत बाहेर पळाला. त्या वाफेत गळ्यात लोखंडाची किल्ली घालून बसला होतास? छाती दाखव. भाजल्याचा डाग दिसू दे."

तिमोननं सदरा गळ्याशी घट्ट धरला. ग्लाफिरानं पुडकं खाली ठेवलं.

"मी बघितलीय ती छाती," ती हळू म्हणाली. "डाग नाही. आणि किल्लीही मी कधी बघितली नाही. बोल रे, गाढवा."

तिमोननं तोंड हातात लपवलं. "तपासणीच्या दालनात कोपऱ्यात मूर्ती आहे ना, आपल्या संत निकोलाची. तिच्यामागे खिळ्याला टांगतो. घरी नेली की मुलं खेळायला घेतात. देवाच्या मागून कोण चोरणार, म्हटलं. कप्तानला कळलं असतं तर नोकरी गेली असती."

"आणि आता?"

"आता डोकंच जातंय."

"किल्ली तिथे असते हे कोणाला माहीत?"

"कोणाला नाही. मूर्तीला हात कोण लावतो?" तिमोननं डोळे पुसले. "मी ठसा मारला नाही, पेत्रोविच. संध्याकाळी कप्ताननं त्या नळ्या कोपऱ्यात ढकलायला लावल्या, मी ढकलल्या. सणाला कारखाना बंद. दुसऱ्या दिवशी मी यायच्या आत अवदेयची माणसं पहाटपाळीला नळ्या उचलून गेली होती. मला वाटलं, नापास माल वितळवायला नेला."

म्हणजे जे झालं ते सणाच्या दिवशी झालं. आणि ज्यानं केलं त्याला देवाच्या मागे हात घालावा लागला होता.

३

अवदेय हा नळ्या काळ्या करणाऱ्यांचा मुकादम. त्याच्या दालनात कायम धुकं असे. नळ्यांना तेजाब लावायचं, दमट खोलीत गंज चढू द्यायचा, उकळायचं, तारेच्या ब्रशानं घासायचं, पुन्हा तेच. शेवटी नळी काळीभोर होते आणि पुढे कधी गंजत नाही. तिथली माणसंही वर्षानुवर्षं त्याच रंगाची झालेली.

"या, फौजदारसाहेब, या. मलाच धरायला आलात ना?" अवदेयनं हात पुढे केले. "धरा. कमीत कमी कोठडीत खोकला तरी थांबेल."

"नापास नळ्या तू कशा उचलल्यास?"

"नापास? गरुड होता त्यांच्यावर. गरुड दिसला की आमचं काम सुरू. मी काय कप्तानला जाऊन विचारू, साहेब, तुमचा गरुड खरा का खोटा?"

"जितक्या नळ्या जास्त, तितकी तुझ्या माणसांची मजुरी जास्त."

"हो की. आणि येरोफेय माझा मावसभाऊ." अवदेयचा चेहरा एकदम बदलला. "हे तुम्ही विसरलात बहुतेक."

गोर्देय विसरला नव्हता, पण त्यानं मान खाली घातली. मग दोन नळ्या बाकावर ठेवल्या. एक चांगल्या घाण्यातली, तिमोनच्या हातची. दुसरी पेटीत सापडलेली.

"अवदेय, माझ्यापेक्षा तुझी नजर या रंगात मुरलीय. ठशाच्या खाचेत बघ. रंग चढल्यावर मारलाय का आधी?"

अवदेयनं नळीच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकली, बुंध्यात दुसरी, आणि दोन्ही खुंट्या धरून नळी आडवी उचलली. इथल्या माणसाचं बोट पोलादाला लागत नसे. बोटाचा चिकटपणा लागला की तिथे रंग धरत नाही. त्यानं नळी कंदिलाखाली फिरवली.

"आधी. खाच तळापर्यंत काळी आहे. नंतर मारला असता तर आत पोलाद चमकलं असतं." मग तो थबकला. "हा गरुड उभा का आहे?"

"कसा उभा?"

"तिमोनचा गरुड बघा. आडवा झोपलेला असतो, पंख नळीच्या लांबीत पसरलेले. तिमोनच्या बाकावर नळी आडवी ठेवतात ना, तोंड डावीकडे. आणि हा बघा. डोकी नळीच्या तोंडाकडे. ताठ उभा. शिवाय कड दुहेरी उमटलीय. तिमोन एकच घाव घालतो, दणका. यानं मात्र हळूहळू दोनतीनदा टकटक केलंय. कोणी बाईनं मारलाय की काय?"

गोर्देयनं दोन्ही नळ्या उचलल्या आणि तो सरळ शेजारच्या दालनात गेला.

ते नळ्या सरळ करणाऱ्यांचं दालन. उत्तरेला उंच खिडक्यांची रांग, प्रत्येक खिडकीत एक माणूस. आत पेचदार खाचा पाडताना नळी कुठेतरी केसभर वाकतेच. हा माणूस नळी डोळ्याला लावतो, तोंड खिडकीकडे करतो. खिडकीच्या गजाची सावली नळीच्या आतल्या चकाकीत रेघेसारखी पडते. रेघ सरळ तर नळी सरळ. रेघ कुठे मोडली की तिथे नळी ऐरणीवर टेकवून एक हलकी टिचकी. पुन्हा डोळा. पुन्हा टिचकी.

गोर्देय दारात उभा राहिला. सगळ्यांच्या हातात नळी एकाच दिशेनं होती. बुंधा पोटाशी, तोंड खिडकीकडे. एकानं नळी ऐरणीवर ठेवली तीही तशीच, तोंड समोर. हातोडी छोटी, तांब्याची. मारताना मनगट असं हलकं, जणू अंडं फोडतोय. इथे जोरात मारणं म्हणजे सगळं केलेलं काम वाया घालवणं. जन्मभर ज्यानं असं काम केलं, त्याच्या हाताला जोराचा घाव घालवतच नाही, ठसा मारायचा असला तरी.

गरुड उभा होता, कारण मारणाऱ्यानं नळी सवयीनं खिडकीकडे तोंड करून धरली होती.

रांगेतल्या पहिल्या, सगळ्यात चांगल्या उजेडाच्या खिडकीतून पांढऱ्या दाढीचा म्हातारा वळून हसला.

"काय जावईबुवा? बिघडलेली नळी घेऊन आलात की बिघडलेला माणूस?"

तो येलिसेय नझारिच होता. गोर्देयचा सासरा.

४

खिडकीत बसणारी माणसं पुष्कळ होती. गोर्देयनं स्वतःला तेच सांगितलं आणि तो कप्तानच्या कचेरीत गेला.

"एक सांगा, साहेब. या नळ्या तुम्ही नापास का केल्यात?"

"ते तुम्हाला का हवं?"

"कारण ज्यानं ठसा मारला त्याला पैशासाठी मारायचा असता, तर तो अवदेयच्या बाजूचा असता. हा नळ्या सरळ करणारा आहे. त्याला एका नळीमागे काही जास्त मिळत नाही. मग त्यानं हे का करावं? राग एकाच गोष्टीचा असू शकतो. तुम्ही त्यांची नळी वाकडी म्हणून परत पाठवता."

"पाठवली होती. दोनदा. भांडणही झालं होतं." कप्तान ताठ झाला. "त्यांना डोळ्यावर विश्वास, मला मापावर. पण त्यानंतर मी कोणाला कारण सांगायचं सोडून दिलं. नापास म्हणजे नापास. कारण सांगितलं की वाद होतो."

"म्हणजे या वेळीही वाकड्या म्हणून..."

"नाही." कप्ताननं खणातून खडूचा तुकडा आणि रॉकेलची बाटली काढली. "या वाकड्या नव्हत्याच. आजवर इतक्या सरळ नळ्या मी पाहिल्या नाहीत."

गोर्देयच्या हातातली नळी त्यानं घेतली. रंग घासून काढलेल्या बुंध्यावर रॉकेल चोळलं, कोरडं पुसलं, मग खडू घासला. दोघं बघत राहिले. पांढऱ्या खडूतून हळूहळू एक ओली रेघ वर आली. केसाएवढी, उभी.

"भेग," कप्तान म्हणाला. "घाण्यातलं पोलादच वाईट होतं. जादा दारू भरून चाचणी घेतली तेव्हा नळ्या फुटल्या नाहीत, पण आत उकलल्या. रॉकेल भेगेत शिरतं आणि खडू ते बाहेर ओढतो. नुसत्या डोळ्याला दिसत नाही."

"खिडकीकडे धरून बघितलं तर?"

"तर सुंदर दिसेल. सावलीची रेघ अगदी सरळ."

गोर्देय बराच वेळ त्या ओल्या रेघेकडे बघत राहिला. कोणीतरी त्या नळ्या एकेक करून खिडकीपाशी धरल्या होत्या. एकेक सरळ निघाली होती. आणि त्या माणसाची खात्री झाली होती की कप्तान खोटा आहे.

आता एवढंच विचारायचं राहिलं होतं की सणाच्या दिवशी बंद कारखान्यात कोण गेलं. ते ज्याला माहीत होतं तो फोका पहारेकरी फाटकावर होता, आणि गोर्देयचे पाय फाटकाकडे वळायला तयार नव्हते.

तरी तो गेला.

५

"सणाला? कोणी नाही हो," फोका हातावर फुंकर मारत म्हणाला. "कफ्तानवाले सोडून."

झारनं हिरवा, रुपेरी पट्ट्यांचा लांब अंगरखा, म्हणजे कफ्तान, बक्षीस दिलेले कारागीर गावात थोडेच उरले होते. सणाला ते मिरवणुकीत सगळ्यांत पुढे चालत आणि नंतर कारखान्यात जाऊन दालनादालनांतल्या देवांच्या दिव्यात तेल घालत. बाकी सगळ्यांची फाटकावर झडती होई. कफ्तानाला कोणी हात लावत नसे.

"कोणकोण होते?"

"तीन जण. सिसोय दस्तेवाला, अक्रोडाचे दस्ते घडवतो तो. खारलांपी, बोल्ट कानसणारा. आणि आपले येलिसेय नझारिच."

"तपासणीच्या दालनातला दिवा कोणी भरला?"

"ते कसं सांगू? आत वाटून घेतात. सिसोय आणि खारलांपी लगेच बाहेर आले, भुकेले होते, खारलांपीकडे सुनेनं खिमा भरलेल्या पेल्मेनी केल्या होत्या. खारलांपी मला म्हणाला, तुलाही पाठवतो. पाठवल्या नाहीत म्हणा. कंजूष आहे."

"आणि येलिसेय नझारिच?"

फोकानं नजर चुकवली. "ते थांबले. बराच वेळ. बाहेर आले तेव्हा उजेड उतरत आला होता. मी काही विचारलं नाही, पेत्रोविच. म्हटलं, लेक गेल्यानंतरचा पहिलाच सण. बसले असतील उस्तिन्यासाठी दिवा लावून. माणसाला एकट्यानं रडायला कुठेतरी जागा हवी ना?"

त्या संध्याकाळी गोर्देयलाही तेच वाटलं होतं. म्हातारा उशिरा घरी आला, डोळे लाल. गोर्देयनं न बोलता त्याच्यापुढे चहा ठेवला होता. दोघंही उस्तिन्याचं नाव न काढता प्यायले होते.

दिवसभर नळ्यांतून उजेडाकडे बघितलं की डोळे लाल होतात.

दस्तेवाला नळी हातात धरत नाही. बोल्टवाल्याचा हात जड, कानसीचा. तिघांतून उरतो एक.

"फोका," गोर्देय म्हणाला, "तू जे सांगितलंस ते उद्या कप्तानसमोर सांगशील?"

"सांगीन. पण तुम्ही विचारलंत तरच." फोकानं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "नाही विचारलंत, तर मला काही आठवत नाही. माझं काय, मी म्हातारा माणूस."

"विचारणार आहे," गोर्देय म्हणाला.

६

रविवारी चर्च सुटल्यावर येलिसेय नझारिच नेहमीसारखा जावयाकडे जेवायला आला. गोर्देयनं टेबलावर सूप ठेवलं नव्हतं. तिथे फुटलेली नळी होती, शेजारी रंग घासून काढलेली एक न फुटलेली.

म्हाताऱ्यानं टोपी काढली. "हे जेवण?"

"बसा, बाबा."

"गरीब बिचारा येरोफेय. आणि तो तिमोन. सुटेल म्हणा तो."

"कसा सुटेल?"

"अरे, नळी चांगली होती. सरळ नळी फुटत नाही. बोल्टात काही असेल, काडतुसात असेल. कोर्टात बसलेली काय गाढवं आहेत? तपासतील आणि सोडतील."

"नळी सरळ होती हे तुम्हाला कसं माहीत?"

म्हाताऱ्यानं हातातली टोपी टेबलाच्या कडेला ठेवली.

"गरुड उभा आहे, बाबा. तीन टिचक्यांत मारलेला. मूर्तीमागची किल्ली दिव्यात तेल घालणाऱ्यालाच दिसते. सणाच्या दिवशी तुम्ही बराच वेळ आत होतात. सांगा."

येलिसेय नझारिचनं दाढीवरून हात फिरवला. मग त्याचा आवाज आला तो पेटलेला.

"सांगतो. लाज वाटत नाही मला. त्या पोरानं, कालच्या पोरानं, माझ्या नळ्या कोपऱ्यात केरासारख्या ढकलल्या होत्या. का? सांगायचं नाही! जादा दारूच्या चाचणीत टिकल्या होत्या त्या. मग उरलं काय? वाकडेपणाच. मी प्रत्येक नळी पुन्हा खिडकीवर नेली, गोर्देय. प्रत्येक. कुठेतरी रेघ मोडलेली सापडू दे, देवा, म्हटलं, म्हणजे तरी मला कळेल की माझा डोळा गेला. एकही वाकडी नव्हती! तिकडे पोरं हातात काठ्या घेतल्यासारखी मरतायत, बंदुका पोचत नाहीत. आणि इथे चांगल्या नळ्या भट्टीत जाणार, कारण साहेबाला म्हाताऱ्याचा डोळा पटत नाही. मारला ठसा. पुन्हा मारीन."

गोर्देयनं खिशातून खडू काढला. बाटली आधीच टेबलावर होती. न फुटलेल्या नळीच्या बुंध्यावर त्यानं रॉकेल चोळलं, पुसलं, खडू घासला, आणि नळी सासऱ्याच्या हातात दिली.

"हे काय?"

"बघत राहा."

म्हाताऱ्यानं सवयीनं नळीचं तोंड खिडकीकडे केलं आणि डोळा लावला.

"आत नाही, बाबा. बाहेरून बघा."

त्यानं नळी खाली घेतली. रेघ वर येत होती. त्यानं अंगठ्यानं खडू पुसला. रेघ पुन्हा आली. त्यानं पुन्हा पुसला. मग नळी टेबलावर ठेवली, दोन्ही हातांनी, आवाज होऊ न देता.

"त्यानं सांगितलं का नाही?" तो पुटपुटला. "एक शब्द. एक शब्द सांगायला काय जात होतं त्याचं?"

"तो त्याचा दोष. तुम्ही विचारलं का नाहीत?"

"मला वाटलं, मला माहीत आहे."

बाहेर पोरांचा घसरगुंडीवरचा आरडाओरडा चालला होता. म्हातारा टेबलाला धरून उठला.

"आजची रात्र दे, गोर्देय. उद्या सकाळी मी स्वतः जातो कप्तानकडे."

"नाही."

"मी पळून जाईन असं वाटतं तुला? या पायांनी?"

"पळणार नाही तुम्ही. पण रात्रभरात तुम्ही स्वतःला पटवाल की चूक तुमची नव्हतीच. मी ओळखतो तुम्हाला." गोर्देयनं त्याची टोपी उचलून त्याच्या हातात दिली. "आत्ता चला. चुलीवर सूप आहे, आल्यावर..." तो थांबला. आल्यावर काय, हे त्यालाही माहीत नव्हतं. "चला, बाबा."

७

कप्ताननं सगळं ऐकलं. फोकाचंही ऐकलं. मग दोघांना बाहेर पाठवून दार लावलं.

"फौजदार, खुर्चीवर बसा."

"उभाच बरा आहे."

"हा माणूस झारचा कफ्तान घालतो. लढाई चालू असताना असा कारागीर कोर्टात उभा राहिला तर पीटर्सबर्गला काय वाटेल? कारखान्याचं काय होईल?" कप्तान बोटांनी टेबल वाजवत होता. "तिमोननं किल्ली निष्काळजीपणे टांगली, हा गुन्हा आहेच. तो जाऊ दे सारापूलला. पुरावा अपुरा आहे म्हणून कदाचित सुटेलही."

"कदाचित."

"म्हातारा तुमचा सासरा आहे. पत्नी गेल्यावर तुम्हाला दुसरं कोणी उरलं नाही, असं मी ऐकलंय. मी तुमच्या भल्याचंच बोलतोय."

गोर्देयनं खिडकीबाहेर बघितलं. अंगणात येलिसेय नझारिच बर्फात उभा होता, टोपी हातात.

"साहेब, उस्तिन्याला शेवटच्या आजारपणात यांनी रात्ररात्र मांडीवर घेतलं होतं. माझ्यापेक्षा जास्त. माझं जे काही राहिलंय ते तेच. म्हणून मी दोन दिवस दुसरा कोणी सापडतो का बघितलं. नाही सापडला. आता माझ्या घरातला माणूस वाचावा म्हणून ग्लाफिराच्या घरातला पाठवू?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलंत. आणि माझ्या जबाबात आणखी एक गोष्ट येणार आहे. नळ्या का नापास केल्या ते तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत. एक शब्द बोलला असतात तर त्या नळ्या भट्टीत गेल्या असत्या."

कप्तानचा चेहरा लाल झाला. "ही धमकी आहे?"

"जबाब आहे. माझा, त्यांचा, फोकाचा. तुमचाही द्या. कोर्टात तो वाचला जाईल, म्हणजे म्हाताऱ्याची शिक्षा थोडी तरी हलकी होईल."

कप्ताननं दौतीचं झाकण उघडलं. मग त्यानं कागद ओढला.

सोमवारी सकाळी चौकीपुढे घसरगाडी उभी होती. तिमोन कोठडीतून बाहेर आला आणि ग्लाफिरानं आधी त्याच्या पाठीत हातमोज्यानं धपाधप मारलं.

"गळ्यात असते म्हणे! देवाशप्पथ म्हणे! फौजदाराशी खोटं बोलतोस? पुन्हा बोलशील?"

"नाही गं, नाही, लोक बघतायत!"

"बघू देत!" आणि मग ती त्याच्या गळ्यात पडून रडायला लागली.

येलिसेय नझारिच साध्या कातडी कोटात गाडीत चढला. शिपाई लगाम घ्यायला आला तेव्हा गोर्देयनं त्याला बाजूला केलं.

"तुम्ही जाणार? दुसऱ्या कोणाला पाठवा ना, पेत्रोविच," शिपाई म्हणाला. "तुम्हालाच कशाला त्रास?"

"मी धरला, मीच नेणार."

गाडी तळ्याच्या काठानं निघाली. गोठलेल्या पाण्यावर वारा बर्फ लोटत होता. सासरा-जावई शेजारी शेजारी बसले होते.

"कोर्टात काय सांगू?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"जे झालं तेच."

"सोपं आहे ते. त्या लोकांना मी ओळखत नाही." त्यानं घोंगडं गुडघ्यांवर ओढलं. "ठसा कोणी मारला ते येरोफेयच्या बायकोला कोण सांगणार? कप्तान?"

"तिचं घर रस्त्यातच आहे."

गाव संपायला आलं. शेवटच्या रांगेतल्या एका निळ्या खिडक्यांच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता, अंगणात कोणी बर्फ झाडलेला नव्हता. गोर्देयनं लगाम ओढला. घोडा थांबला. तो स्वतः मात्र जागचा हलला नाही.

येलिसेय नझारिच हळूच खाली उतरला. गुडघाभर बर्फातून, थांबत थांबत, तो पायरीपर्यंत गेला आणि त्यानं दार वाजवलं.

आतून बाईचा आवाज आला. "कोण आहे?"

म्हाताऱ्यानं टोपी काढली. मग त्यानं आपलं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.